गोरेवाड्याचे ब्लू टायगर आपले की पाहुणे? पंखात साठलेल्या पावसाबद्दल

पाऊलवाट (धागाकर्ती)

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघं नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या मागच्या अंगाला गेलो होतो. तिथे खुळखुळ्याची झुडपं आता वाळून उभी आहेत. सकाळी साडेसातच्या उन्हात त्या वाळक्या काड्या लांबून निळसर दिसत होत्या. जवळ गेलो तर ती फुलपाखरं. ब्लू टायगर, एकाला एक खेटून, पंख मिटून. एका झुडपावर मोजायला लागले, साठच्या पुढे गेल्यावर ती हलली आणि मोजणी मोडली.

एका नराकडे मी दहा मिनिटं बघत बसले. त्याने सोंड वाळक्या शेंगेच्या खरवडलेल्या जागेवर टेकवली होती. सोंडेच्या टोकाशी एक बारीक थेंब यायचा, शेंगेवर पसरायचा, आणि तोच थेंब तो परत ओढून घ्यायचा. खुळखुळ्यातली कडू अल्कलॉइडं नरांना हवी असतात. मादीला भुलवायचा वास त्यातून तयार होतो आणि पक्ष्यांना तोंड वाकडं करायला लावणारी चवही. हे मी शिकवतेच वर्गात, पण इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं.

सोबत अकरावीतली एक मुलगी होती. तिने विचारलं, "मॅडम, हे आपले आहेत की पाहुणे?"

मला उत्तर देता आलं नाही. ब्लू टायगरच्या अळ्या हिरणदोडीच्या वेलावर वाढतात आणि तो वेल आपल्याकडे आहेच. म्हणजे ही इथलीच असू शकतात. पण ही जात प्रवास करणारीही आहे. दक्षिणेत ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो हे सगळे मॉन्सूनच्या आधी पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे जातात आणि पुढे परतीची वाट धरतात. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी त्या थव्यांत कोणत्या जाती, नर किती, माद्या किती, दिशा कोणती, याच्या नोंदी छापल्या आहेत. मध्य भारतातल्या थव्यांचं काय?

घरी आल्यापासून याच मागे लागले आहे. जे समजलं ते मांडते. इथे जाणकार आहेत, चुकलं तर सांगा.

फुलपाखराला विचारता येत नाही, पण त्याच्या पंखाला विचारता येतं. अळी पानं खाते, पानात पाणी असतं, पाणी पावसाचं असतं. अळी कोषात गेली की तिच्या अंगातल्या मालातूनच पंख घडतो. फुलपाखरू बाहेर आलं, पंख सुकले, की त्या पंखात नवी भर पडत नाही, जुनं काही बदलत नाही. आपल्या नखासारखं. फुलपाखरू पुढे हजार कोस उडो, कुठल्याही फुलातला मध पिओ, पंख मात्र जिथे अळी होती तिथल्याच पाण्याचा राहतो.

आणि पाणी सगळीकडे एकसारखं नसतं. हायड्रोजनचे बहुतेक अणू हलके, पण दर १० लाखांत सुमारे १५६ दुप्पट जड असतात, त्यांना ड्युटेरियम म्हणतात. ढग समुद्रावरून निघतो तेव्हा दोन्ही घेऊन निघतो. वाटेत पाऊस पडत जातो तसं जड पाणी आधी उतरतं, लांबच्या चालीत ओझंवाला माणूस आधी टेकतो तसं. म्हणून किनाऱ्याजवळच्या पावसात ड्युटेरियम जास्त, आतल्या मुलखात कमी, उंच डोंगरावर आणखी कमी. संयुक्त राष्ट्रांची अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभरचं पावसाचं पाणी गोळा करून हे मोजत आल्या आहेत. त्यातून नकाशे तयार झाले. पंखातलं प्रमाण मोजायचं आणि नकाशावर शोधायचं, कुठल्या पावसाशी जुळतं.

परतताना काटोल रोडच्या कडेला एक मेलेलं ब्लू टायगर सापडलं, कुठल्यातरी गाडीला धडकलेलं. डावा पुढचा पंख शाबूत आहे. तो सध्या माझ्या वहीत कागदाच्या घडीत ठेवला आहे. त्याच्याकडे बघते तेव्हा वाटतं, उत्तर इथेच पडलंय, फक्त वाचता येत नाही.

कोथरूडची_मी

सुंदर लिहिलंयस ताई. पण एक शंका. पक्ष्यांच्या पायात कडी घालतात, पाठीवर ट्रान्समीटर लावतात. फुलपाखराला खूण करून सोडता येणार नाही का? कुणाला सापडलं की कळलंच. एवढी रसायनाची खटपट कशाला?

पाऊलवाट

करून पाहिलंय, आणि ती गोष्ट फार मोठी आहे. उत्तर अमेरिकेतला मोनार्क म्हणजे आपल्या प्लेन टायगरचा जवळचा भाऊबंद. टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी कित्येक दशकं मोनार्कच्या पंखांवर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. हजारो स्वयंसेवक जोडले. हिवाळ्यात ही फुलपाखरं जातात कुठे हे अखेर १९७५च्या जानेवारीत कळलं, मेक्सिकोतल्या डोंगरात, झाडं वाकतील इतकी एकत्र बसलेली. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले तेव्हा त्यांना एक चिठ्ठीवालं मोनार्क सापडलं. ती चिठ्ठी मिनेसोटात एका शिक्षकाने आणि दोन शाळकरी मुलांनी चिकटवली होती. हा भाग वाचताना माझे डोळे भरून आले, शिक्षिका आहे म्हणून असेल.

पण चिठ्ठीचा हिशेब बघ. शेकडो चिकटवायच्या तेव्हा एखाद-दुसरी परत मिळते. शिवाय चिठ्ठी सांगते ती कुठे चिकटवली हे. फुलपाखरू जन्मलं कुठे हे ती सांगत नाही, ते आधीच दोन राज्यं ओलांडून आलेलं असू शकतं.

रसायनाची वाट तिथूनच निघाली. आधी मोनार्कचे अभ्यासक लिंकन ब्रोअर आणि त्यांचे सहकारी विषाच्या मार्गाने गेले. मोनार्कची अळी मिल्कवीड खाते, म्हणजे आपल्या रुईच्या कुळातली झाडं, आणि त्यांच्या चिकातलं विष अंगात साठवते. मिल्कवीडच्या जाती बदलल्या की त्या विषाचा नमुनाही बदलतो. मेक्सिकोतल्या बहुतेक मोनार्कांच्या अंगात उत्तरेकडच्या कॉमन मिल्कवीडचीच खूण निघाली. म्हणजे आई कुठल्या स्वयंपाकघरात रांधत होती ते कळलं, गाव नाही कळलं. गाव १९९८ मध्ये कळलं. लेन वासेनार आणि कीथ हॉबसन यांनी मेक्सिकोतल्या हिवाळी वसाहतींमधल्या फुलपाखरांच्या पंखांतला हायड्रोजन आणि कार्बन मोजला आणि दाखवलं की जवळजवळ निम्मी अमेरिकेच्या मधल्या शेतीपट्ट्यात जन्मलेली आहेत, कॅन्सस-नेब्रास्कापासून ओहायोपर्यंत. त्यासाठी कुणाच्याही पंखावर आधी काही चिकटवावं लागलं नाही. जे सापडलं ते प्रत्येक फुलपाखरू बोललं.

संत्राबाग_काटोल

ताई, आमच्या वावरात फुलपाखरू म्हटलं का लोक फवाराच काढते. संत्र्याच्या नव्या नवतीवर ते काळं-पिवळं लिंबाचं फुलपाखरू अंडे घालते. अळी पहिले पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, डोळ्यानं पायलं तरी वाटते का चिमणी बसून गेली. मंग हिरवी होते अन् नर्सरीतल्या रोपाचे पानं दोन दिवसात साफ करते. हात लावला तर डोक्यातून नारिंगी रंगाचे दोन शिंगं बाहेर काढते, अन् त्याचा वास सडक्या संत्र्यासारखा येते. मी रोपांवरच्या अळ्या हातानं वेचतो, औषध नाही मारत. वेचून धुऱ्यावरच्या जुन्या निंबूच्या झाडावर सोडतो. बाबा होते तेव्हापासून हेच चालू आहे.

तुमचं वाचून एक विचारावं वाटलं. हे लिंबाचं फुलपाखरू तं माह्याच बागेत जन्मते, माह्याच डोळ्यासमोर. याच्या पंखात मंग माह्या विहिरीचं पाणी निघन का? कारण आमच्याइकडं उन्हाळ्यात बागेले ठिबकनं विहिरीचंच पाणी देतो, पावसाचं कुठून येईन.

थेंबथेंब

संत्राबाग भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी जेवण अर्धं ठेवून लिहायला बसलो. मी मूळचा धरमपेठचा, आता नोकरीसाठी बाहेर, काम पाण्याच्या समस्थानिकांचंच, म्हणजे पाण्यातल्या जड-हलक्या अणूंचंच. तुम्ही या सगळ्या पद्धतीच्या मुळावर बोट ठेवलंत.

पंखातला आकडा आणि पावसाचा आकडा सरळ एक नसतो. पानात पाणी उडतं, अळीच्या पोटात उलथापालथ होते, त्यामुळे दोन्हींत फरक पडतो. तो फरक किती, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवायला अशी फुलपाखरं लागतात ज्यांचा जन्म कुठे झाला याबद्दल शंकाच नाही. मोनार्कच्या कामात हेच केलं गेलं. मोनार्क वॉच या अमेरिकेतल्या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी आपापल्या गावातल्या मिल्कवीडवर अळ्या वाढवल्या, फुलपाखरं पाठवली, आणि त्यांच्यावरून नकाशा बसवला. तुमची काटोलची बाग म्हणजे तसं एक ठिकाण आहे. जात वेगळी, त्यामुळे लिंबाच्या फुलपाखराचा आकडा ब्लू टायगरला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण काटोलच्या पाण्याची छाप पंखावर कशी उमटते ते त्यातून दिसेल.

विहिरीचं विचारलंत, तर ते वाईट नाही, उलट सोयीचं आहे. पावसाचा आकडा सरीसरीला बदलतो. जमिनीत मुरलेलं पाणी म्हणजे कित्येक पावसांची मिसळ, सरासरीच्या जवळचं. खरी अडचण तलावाच्या आणि कालव्याच्या पाण्याची. उघड्यावर उन्हात हलकं पाणी आधी उडून जातं, मागे जड उरतं. पेंचच्या कालव्यावर भिजलेल्या वावरातलं फुलपाखरू त्यामुळे समुद्राकाठचं वाटू शकतं, आणि तो सर्वात मोठा चकवा आहे.

आता दुसरा चकवा, आपल्या देशाचा खास. अमेरिकेच्या मधल्या भागात आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे बऱ्यापैकी शिस्तीत उतरत जातात. आपल्याकडे मॉन्सून. नागपूरला अरबी समुद्राकडूनही पाऊस येतो आणि बंगालच्या उपसागराकडूनही. एकाच शेतात रिपरिप पडली तर आकडा वेगळा, दोन दिवस धो-धो कोसळला तर वेगळा, जितका जोर तितका जडपणा कमी. जुलैच्या पावसावर वाढलेली अळी आणि सप्टेंबरच्या पावसावर वाढलेली अळी, गाव एक असून दोन गावांची वाटू शकतात. म्हणून तारीख हा अर्धा पत्ता आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभरचं पावसाचं, नद्यांचं, भूजलाचं पाणी याच कसोटीवर तपासणारा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आहे, त्यामुळे पाण्याच्या बाजूने आपण रिकाम्या हाताने नाही. कमी आहेत ते पंख, गाव आणि तारीख लिहिलेले.

प्रयोगशाळेत काय होतं तेही सांगतो. पंख क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात धुतात, वरचं तेल आणि धूळ निघून जाते. मग एक मिलिग्रॅमहूनही कमी तुकडा चांदीच्या इवल्याशा डबीत दाबून बसवतात, हरभऱ्याच्या डाळीच्या चौथाई एवढी ती डबी. हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत ती पडली की पंखातला हायड्रोजन वायू होऊन निघतो आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जड-हलके वेगळे मोजले जातात. त्याआधी एक पथ्य: पंखातला थोडा हायड्रोजन आसपासच्या दमट हवेशी अदलाबदल करत असतो. म्हणून तुलनेचे ठरलेले नमुने आणि आपला पंख एकाच खोलीत काही दिवस शेजारी ठेवतात, दोघांना एकच हवा लागावी म्हणून. नागपूरची मे महिन्यातली हवा आणि जुलैतली हवा आठवा, म्हणजे हे पथ्य का ते कळेल.

धानपट्टा

मी भंडाऱ्याचा, बीएस्सी तिसरं वर्ष. दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

एक, आमच्याकडे पाऊस ओसरायला लागला की संध्याकाळी धानाच्या बांध्यांवर पिवळसर चतुर हजारोंनी घिरट्या घालतात. बसतच नाहीत, नुसते तरंगतात. आमचे आजोबा म्हणायचे, हे दिसले की पाऊस परतीला लागला. ते ऑक्टोबरच्या शेवटी एकदम नाहीसे होतात. त्यांचंही असंच शोधता येईल का?

दोन, कॉमन इव्हिनिंग ब्राउन नावाचं तपकिरी फुलपाखरू संध्याकाळी दिव्याला येतं. त्याची अळी धानावरही असते आणि ज्वारीवरही. तर ते धानातून आलं की ज्वारीतून, हे पंखातून कळेल का?

थेंबथेंब

धानपट्टा, दोन्ही प्रश्नांना हो. उलटे घेतो.

धान आणि ज्वारी हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने पकडतात. शाळेत सी-३ आणि सी-४ शिकला असशील. त्यामुळे जड कार्बनचं प्रमाण दोन्हींत स्पष्ट वेगळं असतं. त्या मापाच्या भाषेत, म्हणजे ठरलेल्या नमुन्याहून हजारी किती कमी, धान उणे २७च्या आसपास, ज्वारी उणे १३च्या आसपास. इतकी मोठी दरी की पंखात ती लपत नाही. भंडाऱ्याच्या धानाच्या पट्ट्यात तुला ज्वारीचा आकडा असलेलं फुलपाखरू दिव्याला सापडलं, तर ते बांधावरच्या सी-४ गवतावर वाढलंय की लांबून आलंय, हा खरा शोधण्यासारखा विषय आहे. प्रकल्प म्हणून घे.

आणि तुझे चतुर. बहुतेक ते पँटाला फ्लॅव्हेसेन्स, इंग्रजीत ज्यांना वाँडरिंग ग्लायडर म्हणतात. तेव्हा मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी पाहिलं की दर ऑक्टोबरमध्ये हे चतुर तिथे लाखोंनी उतरतात. मालदीव म्हणजे प्रवाळाची बेटं, गोड्या पाण्याची डबकी जवळजवळ नाहीत, म्हणजे ते तिथे जन्मणं शक्य नाही. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. मग २०१२ मध्ये अँडरसन, हॉबसन, वासेनार आणि सोटो यांनी मालदीवच्या चतुरांच्या पंखांतला हायड्रोजन मोजला. आकडा दक्षिण भारताच्या पाण्याशी जुळला नाही. जुळला उत्तर भारताशी किंवा त्याहूनही पलीकडच्या मुलखाशी. चतुराची अळी पान खात नाही, डबक्यात शिकार करते, म्हणून त्याच्या पंखात डबक्याचं पाणी. डबकं आटत आलेलं असेल तर आकडा सरकतो, तेही त्यांना हिशेबात धरावं लागलं.

तुझे आजोबा बांधावर बसून जे बघत होते, त्याचं दुसरं टोक हिंदी महासागरात होतं.

धानपट्टा

सर, आजोबा गेल्या वर्षी गेले. हे त्यांना सांगायला हवं होतं. घरी आज सगळ्यांना वाचून दाखवलं.

खडकशोध

उशिरा धागा पाहिला. आयुष्य विदर्भातले दगड बघण्यात गेलं, आता निवृत्त. पाण्याबद्दल वर चांगलं लिहिलं आहे. मी जमिनीबद्दल लिहितो, कारण नागपूर या कामाला जितकं सोयीचं आहे तितकी शहरं देशात फार नाहीत.

स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमच्या घराण्यातला धातू. दगड झिजतो, माती होते, मुळं तो उचलतात, पानातून अळीत, अळीतून पंखात. त्याचे दोन प्रकार मोजतात, ८७ आणि ८६ वजनाचे. ८७चा काही भाग रुबिडियमपासून हळूहळू तयार होत जातो, इतका हळू की निम्मं रुबिडियम बदलायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. म्हणून ज्या खडकात रुबिडियम भरपूर आणि वय मोठं, तिथे ८७चं गुणोत्तर चढलेलं. जिथे खडक तरुण आणि रुबिडियम थोडं, तिथे खालचं. आणि पाण्यासारखं हे ऋतूप्रमाणे बदलत नाही. जुलै असो की सप्टेंबर, दगड तोच.

आता आपलं गाव बघा. दख्खनचा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, मुंबईपासून पसरत येतो आणि नागपूरपाशी संपतो. सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडचा उंचवटा, पश्चिमेला काटोलपर्यंतची काळी माती, सगळी त्या लाव्ह्याची. शहर ओलांडून पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालात की खाली नाइस नावाचा रूपांतरित खडक लागतो, दीडशे कोटी वर्षांहून जुना. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म, रामटेक-मनसरकडे मॅंगनीज असलेले जुने रूपांतरित खडक. बेसॉल्टच्या मातीत हे गुणोत्तर बहुतेक ०.७०४ ते ०.७१०च्या मध्ये राहतं. जुन्या नाइसवर ते ०.७२च्या वर सहज जातं. दिसायला फरक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाचा, पण यंत्राला तो डोंगराएवढा दिसतो.

म्हणजे काटोलच्या बागेतलं फुलपाखरू आणि भंडाऱ्याच्या बांधावरचं फुलपाखरू, पावसाने दोन्ही जवळजवळ सारखी भिजवली असली तरी दगड त्यांना वेगळं करतो. पाऊस लांब-जवळ सांगतो, दगड उजवं-डावं सांगतो. दोन्ही एकत्र धरले की नकाशावरचा डाग लहान होतो.

या सीमेवर आपल्या गावात लोक दीडशे वर्षांहून जास्त काळ वाकून बघत आले आहेत. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, १८५०च्या दशकात टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळातून शिंपले आणि बिया वेचत होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. तरुण असताना मी त्या टाकळीच्या थराच्या शोधात फार फिरलो. आता तिथे घरं आहेत.

एक इशारा. पंखात स्ट्रॉन्शियम अगदी कणभर असतो, त्यामुळे पंखावर बसलेली धूळ निकाल बिघडवते. आपल्याकडे रस्त्याची धूळ आहे, औष्णिक वीज केंद्रांची राख आहे. पाऊलवाट ताईंचा रस्त्याच्या कडेचा पंख हायड्रोजनला चालेल, स्ट्रॉन्शियमला मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

आजीचा_झोपाळा

सगळं वाचलं. फार नवं कळलं. पण मन एका जागी अडकलं. एवढ्यासाठी फुलपाखरं मारायची का? माझ्या गॅलरीतल्या कण्हेरीवर कॉमन क्रोचे चांदीसारखे कोष लटकतात. मी ते रोज सकाळी मोजते. त्यातलं एक कुणी मागितलं तर मला देववणार नाही.

पाऊलवाट

आजी, कुणीही मागणार नाही. मलाही ते जमलं नसतं.

मागच्या पंखाच्या कडेचा छोटा तुकडा कापूनही हे मोजता येतं आणि फुलपाखरू उडतं राहतं. पण आपण तेही करायचं नाही. गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, मेलेलंही नाही, आणि काही जाती तर कायद्याने कुठेही संरक्षित आहेत. आपल्याजवळ घरची, बागेची, वावराची फुलपाखरं आहेत. ती आयुष्य संपवून गॅलरीत, खिडकीत, कोळ्याच्या जाळ्याखाली पडतात. कोळी अंग खातो, पंख सोडून देतो. तुमच्या कण्हेरीखाली झाडताना एखादा पंख मिळाला तर तोच पुरे.

हो, आणि रिकामं झालेलं कोषाचं टरफल. थेंबथेंब, ते चालेल का? तेही अळीनेच बनवलेलं ना?

मी हे का इतकं धरून बसले आहे तेही सांगते. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत, फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर, फुलपाखरांचे अभ्यासक जेरार्ड तलावेरा यांना वाळूवर पेंटेड लेडी (हेही फुलपाखरूच) दिसल्या. पंख फाटलेले, थकून बसलेल्या. पेंटेड लेडी आपल्याकडेही येते, पण दक्षिण अमेरिकेच्या त्या भागात ती राहत नाही. त्यांनी तीन पकडल्या. मग दहा वर्षं चौकशी. वाऱ्याच्या नोंदी काढल्या, जनुकं तपासली. अंगाला चिकटलेले परागकण तपासले तेव्हा पश्चिम आफ्रिकेतली दोन झुडपं निघाली. त्यातलं एक आपल्या बोरीच्या जवळच्या नात्यातलं, दुसरं आपल्या ऐन-धावड्याच्या कुळातलं. पंखांतला हायड्रोजन आणि स्ट्रॉन्शियम जोडीने मोजला तेव्हा जन्म पश्चिम युरोपात किंवा पश्चिम आफ्रिकेत असा आला. २०२४ मध्ये निबंध छापला: अटलांटिकवरून ४,२०० किलोमीटरहून जास्त, न थांबता, पाच ते आठ दिवस. वारा पाठीशी नसता तर अंगातली चरबी ७८० किलोमीटरलाच संपली असती.

तीन फुलपाखरांनी एवढं सांगितलं. गोरेवाड्याच्या एका झुडपावर साठ बसली होती.

थेंबथेंब

टरफलाचं उत्तर: चालेल असा अंदाज करण्यापेक्षा जोडी मोजावी. एकाच फुलपाखराचं टरफल आणि नंतर त्याचाच पडलेला पंख, अशा काही जोड्या हव्यात. दोन्हींतला फरक दर वेळी सारखाच राहिला तर पुढे फक्त टरफलं गोळा केली तरी काम भागेल. आजींच्या गॅलरीत ते सर्वात सोपं आहे, कारण त्या रोज मोजतात. जाळीच्या झाकणाखाली कोष ठेवला तर कोणतं टरफल कुणाचं ते कळेल. फुलपाखराच्या एका पंखावर पेन्सिलीने बारीक ठिपका करून सोडता येईल, पण ते परत तिथेच मरेल ही आशा फार मोठी, त्यामुळे जोड्या थोड्याच मिळतील.

ठेवायचं कसं: बटर पेपरची त्रिकोणी पुडी करा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते, बुरशी येते. डांबरगोळी ठेवू नका, तिच्यातच हायड्रोजन भरलेला असतो. पुडीवर पेन्सिलीने लिहा, शाई धुण्याच्या द्रावणात सुटते. जात, गाव, तारीख, झाड कोणतं, पाणी कुठलं. घाई नाही. पंख वर्षानुवर्षं टिकतो. मोनार्कच्या एका अभ्यासात तर ३८ वर्षांत साठवलेले पंख तपासले आहेत.

पाण्याच्या बाटल्याही हव्यात. विहिरीचं पाणी बाटलीत अगदी काठोकाठ भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकणावर टेप. नाहीतर बाटलीतच वाफ होऊन आकडा सरकतो.

खडकशोध

आणि झाडाखालची मूठभर माती. कागदी पाकिटात. मी हिंडून आणू शकतो, गुडघे अजून साथ देतात. रामटेक, मनसर, कामठी माझ्याकडे लावा.

धानपट्टा

भंडारा माझ्याकडे. इव्हिनिंग ब्राउन आणि चतुर दोन्ही. सर, तुम्ही माती घ्यायला आलात तर मी सोबत येऊ का? नाइस आणि शिस्ट मला हातात घेऊन ओळखता येत नाहीत.

खडकशोध

ये. हातोडी माझ्याकडे आहे, पाण्याची बाटली तुझी आण.

आजीचा_झोपाळा

आज सकाळी कुंडीमागे झाडताना मिळालं. कॉमन क्रोचा मागचा पंख, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. पुडी नातीने करून दिली. तिच्यावर लिहिलं: कॉमन क्रो, लक्ष्मीनगर, कण्हेर, नळाचं पाणी. तारीख टाकली. तारीख कालची टाकायची की आजची? पडलं काल असेल, मिळालं आज.

पाऊलवाट

आजचीच, आजी. मिळाल्याची. आणि कोपऱ्यात १ असा आकडा टाका, ही आपली पहिली पुडी.

संत्राबाग_काटोल

दोन नंबर माह्या. लिंबाचं फुलपाखरू, काटोल, धुऱ्यावरचं जुनं निंबू, विहीर. विहिरीच्या पाण्याची बाटली पण भरून ठेवली, काठोकाठ. बाटली भरताना पोरगा म्हणे, बाबा, हे पाणी प्यायचं नाही तं भरून काहून राह्यले? मंग त्याले विहिरीच्या काठावरच बसवून सगळं सांगितलं. आता तो शाळेतून आला का पहिले निंबूखाली जाऊन पाहते.

ताई, दिवाळीनंतर नागपूरला येनं आहे, कॉटन मार्केटात. पुडी अन् बाटली तुमच्यापाशी पोचवतो. अन् ते खुळखुळ्याचं झुडूप मले दाखवा. आमच्याकडं ताग पेरतो हिरव्या खतासाठी, त्याच जातीचं दिसते. दोन ओळी गाडायच्या सोडून धुऱ्यावर वाळू देतो यंदा, बसते का निळे ते पाहू.